सागाच्या पानाचा उजेड

माझ्या धाकट्या बहिणीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा ती बारावीत होती. आईला वाटलं टूथपेस्ट राहिलीय. तिने तो पदराने पुसला, मग पाणी लावून पुसला, मग जरा जोराने पुसला. ठिपका तिथेच राहिला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो हनुवटीवर उतरला, मानेवर गेला आणि दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे झाले. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे कोड आहे, कुणाला लागत नाही, दुखत नाही, जिवाला धोका नाही. त्यांनी मलम दिलं आणि सकाळच्या उन्हात बसायला सांगितलं. ती नेमाने उन्हात बसली. डाग वाढायचे तेवढे वाढले आणि एका वर्षी आपोआप थांबले.

मुरबाडला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाची कामं, लॅमिनेशन, असं सगळं. वडील गेल्यावर घर त्याच्यावरच चालायचं. बहिणीने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ती स्टुडिओत बसायला लागली. मी फोटो काढायचा, तिने तो साफ करायचा. मुरूम काढायचे, डोळ्यांखालचं काळं काढायचं, केस नीट करायचे, आणि मुख्य म्हणजे रंग उजळ करायचा. स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला आलेल्या आया तिच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अजून जरा गोरी कर गो." मग त्यांची नजर तिच्या माउसवरच्या हाताकडे जायची आणि त्या गप्प व्हायच्या. ती काही झालंच नाही अशी विचारायची, "एवढं बस, की अजून करू?"

तिच्या हाताला इतकी सफाई होती की काढलेला मुरूम त्या मुलीच्या आईलाही शोधून सापडला नसता. पण तिने स्वतःचा फोटो कधी साफ केला नाही. आई मागे लागली होती. "दुसऱ्यांच्या पोरींचे करतेस, तुझा कर की एकदा. स्थळाला द्यायला नको?"

"करीन. पाच मिनिटांचं काम हाय," ती म्हणाली. "पण तो माणूस घरी आला मग काय करू? त्याच्या डोळ्यांवर बसवू काय कॉम्प्युटर?"

त्यामुळे स्थळं फोटोशिवाय यायची, चहा प्यायची आणि जायची. नंतर यायचीही थांबली. ती सत्तावीस-अठ्ठावीसची झाली होती. बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचा ड्रेस आणि स्कार्फ, घरात मात्र मोकळे हात. मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवणं कधीच सोडून दिलं होतं. तिने तसं सांगितलं नव्हतं, मीच टाळायचो.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण पुढचं जे झालं ते माझ्यामुळे. पोट मी कॉम्प्युटरवर भरत होतो आणि चहाच्या टपरीवर बसून कॉम्प्युटरला शिव्या घालत होतो. फोटो म्हणजे उजेडाचं काम, हल्ली बोटाचं काम झालंय, असं काहीबाही बोलायचो. लोक ऐकून घ्यायचे. मला आतून वाटायचं की मी नुसता पासपोर्ट फोटोवाला नाही, आणि हे कुणाला तरी कळायला पाहिजे.

एकदा शहापूरला भंगारवाल्याकडे मला स्लाईड प्रोजेक्टर दिसला. कुठल्या तरी शाळेने अडगळ काढली होती त्यातला. लोखंडी पेटी, पुढे भिंग, आत दिवा आणि घरघरणारा पंखा. दिवा चालू होता. मी तो घरी आणला.

घरामागे वडिलांची पोल्ट्रीची शेड होती. कोंबड्यांना रोग आला त्या वर्षीपासून ती रिकामी होती. मी जाळ्यांवर ताडपत्री आणि जुनी ब्लँकेटं बांधली, पत्र्याची भोकं डांबराने बुजवली. भर दुपारी आत काळोख झाला. कोंबड्यांचा वास मात्र गेला नाही, तो शेवटपर्यंत होता. दोन लहान काचांच्या मधे काहीही ठेवून प्रोजेक्टरमध्ये सरकवलं की समोर त्याचा उजेड मोठा होऊन पडायचा. कांद्याची पात, मच्छरदाणीचा तुकडा, मेलेल्या चतुराचा पंख. तो उजेड मी मडक्यांवर पाडायचो, रांजणावर, भिंतीला टेकवलेल्या नांगरावर, आणि कॅमेरा स्टँडवर लावून दोन-दोन सेकंदांचा फोटो घ्यायचो. चतुराच्या पंखाचा उजेड पडलेला रांजण नदीच्या तळाशी असल्यासारखा दिसला होता. त्यात कॉम्प्युटरचा काही संबंध नव्हता. जे समोर होतं तेच फोटोत होतं. मी वेडा झालो होतो. आईला बसवायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, "मला भुतासारखी दाखवशील, जा."

आमच्याकडे पावसाळा सरता सरता सागाच्या पानांना किडे लागतात. हिरवा गर खाऊन टाकतात आणि शिरांची जाळी तेवढी ठेवतात. दुरून सगळं रान भाजल्यासारखं तांबूस दिसतं. तसल्या एका पानाचा तुकडा मी काचेत बसवला आणि भिंग फिरवून जाळी स्पष्ट करत होतो. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. ताडपत्री बाजूला करून आत शिरली, मला कप द्यायला हात पुढे केला, आणि सगळा उजेड तिच्यावर पडला.

मी कप घेतला नाही. तीही हात तसाच धरून उभी राहिली. तिच्या हातावर, मानेवर, तोंडावर पांढऱ्या-काळ्या शिरांची जाळी पसरली होती आणि त्यात तिचे डाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात, काही कळत नव्हतं. तिने हात उलटा केला, बोटं पसरली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "यातलं माझं कुठलं आणि पानाचं कुठलं?"

"मला पण नाय कळत," मी म्हटलं.

ती हसली. मग तिने कप खाली ठेवला आणि स्कार्फ काढला.

त्यानंतरचे दीड-दोन महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. दुपारी स्टुडिओ बंद केला की आम्ही शेडमध्ये. पानं तीच आणायची. रानात जाऊन जाळी न फाटता तोडायची, वहीत दाबून ठेवायची. दिव्याच्या गरमीने पान पाच-सहा मिनिटांत करपायचं, धूर यायचा, मग ती "काढ, काढ" करून ओरडायची. मी "श्वास धर" म्हटलं की दोन सेकंद दगडासारखी बसायची. उजेड कुठून यावा हे माझ्याआधी तिला कळायचं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडावरचा उजेड ती बघत आली होती. काही फोटो मी शेड उघडी असताना सहज काढले होते, तयारी चालू असतानाचे. त्यातल्या एकात ती बाह्या सरसावून प्रोजेक्टरशेजारी उभी आहे, दारातून दिवसाचा उजेड येतोय आणि ती कशावर तरी खदखदून हसतेय. हात, मान, ओठ, सगळं स्वच्छ दिसतंय.

एक फोटो फार चांगला आला. ती कोंबड्यांच्या खाद्याच्या उलट्या डब्यावर बसलीय, केस मोकळे, डोळे मिटलेले, एक हात गालाला लावलेला. बाई कुठली आणि पान कुठलं, बघणाऱ्याला ठरवता येत नव्हतं. ती तो फोटो बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मी अशी पण हाय काय?" पुढे कल्याणच्या एका हौशी मंडळाच्या फोटो स्पर्धेचं कळलं, तेव्हा तिनेच तो निवडून दिला. "हा एक दे. यात मला कोण वळखणार नाय. बाकीचे कुणाला दाखवू नको."

"नाय दाखवणार," मी म्हटलं.

त्याच सुमारास तिचं जमलं. मुलगा शहापूरजवळच्या गावातला, वाशिंदला कारखान्यात कामाला. किन्हवलीला मावशीच्या घरी त्याने तिला पाहिलं होतं, मोकळ्या हातांनी भाकऱ्या थापताना. त्याने स्वतःहून विचारणा केली. मित्राला घेऊन आमच्याकडे आला, तिच्याशी बोलला आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माझं काय नाय. आईला मी सांगितलंय, तिचं पण काय नाय. फक्त काका हायत. वडलांच्या मागे घर त्यांनीच चालवलं. मुलगी पसंत केलीय हे त्यांना माहीत हाय, डागांचं नाय. ते मीच सांगणार, पण माझ्या पद्धतीने. भाताची झोडणी उरकू दे, मग माणूस निवांत असतो. तोवर तुमी कुणी काय बोलू नका."

आम्ही कुणी काही बोललो नाही. आई देवापुढे दिवा लावताना पुटपुटायची तेवढंच. बहीण कामात गाणी गुणगुणायला लागली होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, म्हणजे बारावीनंतर.

आणि मग त्या मंडळातून फोन आला. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "तुमचा फोटो पहिल्या नंबरासाठी चर्चेत आहे. पण आपल्या स्पर्धेत एडिटिंग चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. परीक्षकांना हा कॉम्प्युटरवर केलेला वाटतोय."

"नाही साहेब, हा नुसता उजेड आहे," मी म्हटलं. "प्रोजेक्टरने पाडलेला."

"तुमच्यावर आमचा विश्वास आहे हो. पण कसा केलात ते दिसेल असं काही आहे का? संध्याकाळपर्यंत पाठवा, उद्या निकाल आहे."

माझं डोकं भणाणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही खरं केलं होतं आणि तेच त्यांना खोटं वाटत होतं. बहीण त्या दिवशी मावशीकडे गेली होती. तिला फोन लावता आला असता. फोन माझ्या हातातच होता. मी लावला नाही. आज कुणी विचारलं तर मी गडबडीचं कारण सांगू शकेन, पण खरं तसं नाही. ती नको म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणून लावला नाही. घरी जाऊन शेडमध्ये एक मडकं ठेवून त्याच्यावर पानाचा उजेड पाडून दाखवता आला असता. अर्ध्या तासाचं काम होतं. ते मला सुचलं नाही, की सुचूनही मी केलं नाही, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. मी तो हसणारा फोटो पाठवला. त्यात सगळंच होतं. प्रोजेक्टर, काच, पान आणि बाह्या सरसावलेली ती. याहून मोठा पुरावा नव्हता.

पहिला नंबर मिळाला. शाल आणि ढाल घ्यायला मी एकटाच गेलो. तिला "तुझा फोटो पहिला आला" एवढंच सांगितलं होतं. तिने आईला मिठी मारली होती. हॉलमध्ये शिरलो तर समोरच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक स्पर्धेचा, आणि त्याच्या बाजूला तेवढाच मोठा करून तो दुसरा. खाली लिहिलं होतं, 'एडिटिंग नाही, केवळ प्रकाश!' लोक एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. एक बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "अगं, ते डाग खरेच आहेत."

तेव्हाच मी ओरडायला पाहिजे होतं. मी आयोजकांना हळूच म्हटलं, दुसरा फोटो काढला तर बरं होईल. ते म्हणाले, "अहो, लोकांना तोच तर आवडतोय." लोक माझे हात हातात घेत होते. कुणी मोठे फोटोग्राफर माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मी शाल पांघरून उभा राहिलो. त्या अर्ध्या तासात मला बरं वाटलं होतं, ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला बोललेलो नाही.

दोन दिवसांत दोन्ही फोटो एकमेकांना जोडून मोबाइलवर फिरायला लागले. 'मुरबाडच्या कलाकाराची कमाल' असं वर लिहून. मुरबाडच्या ग्रुपमध्ये आले, तिथून शहापूरच्या, तिथून गावागावांच्या. पाठवणारे सगळे कौतुकानेच पाठवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाचे काका आले, बरोबर दोन माणसं. ते पडवीत बसले. आईने पाणी दिलं ते घेतलं, चहा नको म्हणाले. काकांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"ही तुमची बहीण ना?"

"हो."

"पोरगी वाईट नाय," ते म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते, थकल्यासारखे बोलत होते. "हे अंगावरचं, त्याचं पण काय तरी बघितलं असतं आमी. पोरगा बोलला असता, घरात चार दिवस वाद झाला असता, झालं असतं. पण आमच्या घरी येणाऱ्या सुनेचं आमाला मोबाइलवर कळावं? गावातला पोर येऊन मला दाखवतोय, काका ही बघा तुमची सून. मी काय तोंड दाखवू?"

आई म्हणाली, "लपवायचं नव्हतं हो आमाला. तुमचा पोरगाच सांगणार होता."

"तो आता सांगतोय, झोडणीनंतर बोलणार होतो म्हणून. आता बोलून काय?" ते उठले. दारात थांबून मला म्हणाले, "तुमीच काढलाय ना हा? भाऊ हायस ना तू तिचा?"

बहीण आत ओट्याजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या मुलाचा संध्याकाळी फोन आला. तो रडत होता. "दादा, आठवडा. एक आठवडा राहिला होता फक्त." मी त्याला विनवलं, तू उभा राहा, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तो म्हणाला, "काकांनी जेवण सोडलंय." मग त्याचे फोन कमी झाले आणि बंद झाले. त्याला मी दोष देत नाही. त्याने जे जपून ठेवलं होतं ते मी उधळलं.

बहिणीने दुसऱ्या दिवशी स्टुडिओ नेहमीसारखा उघडला. मी आलो तेव्हा ती झाडून घेत होती. झाडू ठेवून तिने विचारलं, "दादा, तू मला विचारलं का नाय?"

मी काउंटरवरचे फोटोचे लिफाफे सारखे करायला लागलो.

"मी नाय म्हटलं असतं म्हणून," तिनेच उत्तर दिलं आणि कॉम्प्युटर चालू केला.

पुढे ती महिनाभर आली. त्या काळात गिऱ्हाईकं वाढली. लग्न ठरलेली जोडपी यायची, आमचा पण तसा पानाचा फोटो काढा म्हणायची. मी प्रोजेक्टर बिघडलाय असं सांगायचो. काही जण फोटो नको असतानाच यायचे, उगाच लॅमिनेशनचे भाव विचारायचे आणि तिच्याकडे बघून जायचे. ती आता दुकानातही हातमोजे घालायला लागली. मी मंडळाला पत्र लिहून तो फोटो काढून टाकायला लावला. त्यांनी काढला, माफीही मागितली. पण तो आता त्यांच्याकडे कुठे होता! मला एकदा कसाऱ्याच्या माणसाने दाखवला, मीच काढलाय हे माहीत नसताना.

मग तिने वाशिंदला औषधाच्या पाकिटांच्या कारखान्यात नोकरी धरली. तो मुलगा कामाला होता त्याच गावात, हे आईला खुपलं. ती म्हणाली, "तो तिथनं गेला सोडून, आई. आणि तिथं सगळ्यांनाच टोपी, मास्क, मोजे लागतात. कोण कुणाचं काय बघत नाय." दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. सणाला येते, आईपाशी झोपते, परत जाते. माझ्याशी बोलते, अगदीच बोलत नाही असं नाही. जेवलास काय, आईच्या बीपीच्या गोळ्या आणल्यास काय, एवढं.

गेल्या थंडीत मी न कळवता वाशिंदला गेलो. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. सुट्टी झाली तशा मुली बाहेर आल्या, सगळ्या स्कार्फ बांधलेल्या, मला ती ओळखताच आली नाही. तिनेच हाक मारली. आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. मी आठवडाभर मनात घोळवलेलं बोललो. चुकलो, तुझं आयुष्य माझ्या हातून गेलं, तू मला बोल, शिव्या दे, पण अशी परक्यासारखी वागू नको.

ती चहात बिस्कीट बुडवत होती. "राग नाय रे आता," ती म्हणाली. "आधी होता. आता नाय."

"मग घरी का येत नाहीस? स्टुडिओ तसाच पडलाय. तुझ्यावाचून मला जमत नाय."

तिने बिस्किटाचा उरलेला तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाली, "तू समोर बसलास ना, की मला वाटतं तू बघतोयस. म्हणजे उजेड कुठनं पडतोय ते. आता पण बघतोयस."

मी नाही म्हणणार होतो. पण खिडकीतून तिच्या गालावर ऊन आलं होतं आणि ते मी पाहिलं होतं. ती आत येऊन बसली तेव्हाच पाहिलं होतं. मी मान खाली घातली.

"तू इकडे बस," ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. मी उठून तिच्या बाजूला बसलो, दोघांची तोंडं रस्त्याकडे. उरलेला चहा आम्ही तसाच प्यायलो. तिने आईसाठी एक स्वेटर घेतला होता, तो पिशवीतून काढून दिला. खोलीवर स्वयंपाकाची पाळी होती म्हणून ती लवकर उठली. "येताना फोन करत जा," म्हणाली.

मी शहापूरला येऊन मुरबाडची गाडी धरली. किन्हवलीपर्यंत बसायला जागा नव्हती. मी स्वेटरची पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. पुढच्या वेळी फोन करून गेलो तरी ती मला शेजारीच बसवणार, आणि मी तिचं तोंड पाहायचं नाही, एवढं मला कळलं होतं.